बी-टू पास, तरी वॉर्डात गप्प : एका परिचारिकेच्या जर्मनचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका परिचारिकेचं आहे आणि त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. शहर, रुग्णालय, विभाग आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी जर्मन शिकवते. त्या माझ्या वर्गात दहा महिने होत्या आणि जर्मनीत गेल्यावर पुढचं दीड वर्ष आम्ही फोनवर बोलत राहिलो. म्हणजे मी यात नुसती बघणारी नाही. यातल्या दोन मोठ्या चुका माझ्या आहेत आणि त्या कुठे झाल्या ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला घेतलं.

वर्गात आल्या तेव्हा त्यांचं वय 34 होतं. नोकरीची अकरा वर्षं, त्यातली शेवटची चार वॉर्डच्या इन्चार्ज म्हणून. जर्मनीतल्या एका रुग्णालयानं त्यांना निवडलं होतं. युरोप परिषदेनं 2001 मध्ये भाषेच्या पातळ्यांची जी चौकट मांडली, तिच्यात ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आहेत. परदेशातून येणाऱ्या परिचारिकांकडे जर्मनीत साधारणपणे त्यातली चौथी, म्हणजे बी-टू मागतात. त्याखेरीज आपली पदविका तिथे मान्य करून घ्यावी लागते. ती मान्यता मिळेपर्यंत सहाय्यक म्हणून काम करायचं, आणि त्या मान्यतेसाठी परीक्षा द्यायची किंवा ठरावीक मुदतीचं प्रशिक्षण पुरं करायचं.

त्यांच्याकडे प्रेरणा नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही. सात वर्षांचा मुलगा मागे राहणार होता आणि त्याला लवकरात लवकर तिकडे न्यायचं होतं. पहाटे साडेचारला उठून अभ्यास, दिवसभर ड्युटी, संध्याकाळी वर्ग. त्यांची वही मला आजही आठवते. जर्मन नामांना तीन लिंगं. प्रत्येक लिंगाला वेगळी शाई, निळी, लाल, हिरवी, आणि प्रत्येक नामासमोर अनेकवचन पेन्सिलीनं. इतकी नीट वही मी दुसरी पाहिली नाही.

दहा महिन्यांत त्यांनी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. शंका असली की वर्ग संपेपर्यंत थांबायच्या आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला विचारायच्या. मला ते दिसत होतं. ‘स्वभाव असतो एकेकाचा’ म्हणून मी सोडून दिलं.

शेवटचे सहा आठवडे उरले तेव्हा एक निर्णय माझ्यापुढे होता. हा वेळ बोलण्यावर घालवायचा की लेखी परीक्षेच्या सरावावर? लेखी हा त्यांचा हुकमी भाग होता, तिथे गुण वाढणार हे दिसत होतं. मी लेखी निवडलं. त्या बी-टू उत्तीर्ण झाल्या. लेखी उत्तम, तोंडी काठावर. सगळ्यांना आनंद झाला, मलाही.

अडचण

जर्मनीत जाऊन पाच महिने झाल्यावर एका रविवारी रात्री त्यांचा फोन आला. “मॅडम, भाषा येत नाही असं नाही हो. तोंडच उघडत नाही. मला परत यावंसं वाटतंय.” त्याच आठवड्यात वॉर्डच्या प्रमुखांनी त्यांच्याविषयी लिहून दिलं होतं : स्वतःहून काही बोलत नाहीत, शिकण्यात रस दिसत नाही.

त्याआधी एक प्रसंग घडला होता. बारा नंबरच्या खोलीतल्या रुग्णाची तपासणी आदल्या संध्याकाळी रद्द झाली होती. सकाळच्या हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवतात तेव्हा, सांगितलं गेलं की ती पुन्हा आजच ठरली आहे, रुग्ण उपाशी राहील. मूळ वाक्य एवढंसंच : ‘डी त्स्व्योल्फ ब्लाइप्ट डोख न्युश्टर्न.’ यातला ‘डोख’ हा शब्द आधीचं सगळं उलटवतो. मराठीत ‘आला नाहीस ना?’ असं कुणी विचारलं तर आपण म्हणतो, ‘आलोय की!’ त्या ‘की’चं काम अनेकदा ‘डोख’ करतो. पाठ्यपुस्तकात तो एका परिच्छेदात येतो आणि निघून जातो. त्यांना खोली नंबर कळला, उपाशी कळलं, पण मधला शब्द नीट ऐकू आला नाही. तो ‘डोख’ होता की ‘निश्ट’, म्हणजे ‘नाही’? काल तपासणी रद्द झाली होती, तेव्हा ‘नाही’च असणार असं त्यांनी मनाशी धरलं. बाकीच्या माना डोलावत होत्या, त्यांनीही ‘या, या’, म्हणजे जर्मनमधलं ‘हो, हो’, म्हणत मान डोलावली. साडेआठला त्या रुग्णाला चहा आणि ब्रेड दिला गेला. रुग्णाला काही झालं नाही, तपासणी एक दिवस पुढे गेली. पण आठवडाभर वॉर्डात त्याचीच चर्चा होती.

त्या फोनवर मला म्हणाल्या, “शंका होती मला. पण सहा जणींसमोर कसं विचारणार? त्यांना वाटेल, हिला एवढंही कळत नाही.”

त्यांच्या ‘या, या’चा अर्थ होता : मी ऐकते आहे, तुम्ही बोला. मोठं माणूस काही सांगत असताना आपण ‘हं, हं’ करत राहतो, तसंच. समोरच्यांनी घेतलेला अर्थ होता : मला कळलं आहे आणि मी त्याप्रमाणे करणार आहे. त्या कामाच्या पद्धतीत न विचारणारी व्यक्ती दोनच प्रकारची असू शकते, सगळं कळलेली किंवा पर्वा नसलेली. शंका असून आदरापोटी गप्प बसणारी व्यक्ती त्यांच्या हिशोबातच नव्हती.

दुसरी गाठ ‘डू’ आणि ‘झी’ची होती, म्हणजे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची. पहिल्याच आठवड्यात 58 वर्षांच्या एका ज्येष्ठ परिचारिकेनं त्यांना स्वतःहून सांगितलं, आपण एकमेकींना ‘डू’ म्हणू. तिथे असा प्रस्ताव वयानं किंवा पदानं मोठ्या माणसानं करायचा असतो आणि तो आपलेपणाची खूण मानतात. यांच्या तोंडून ते निघेना. “आईच्या वयाच्या बाईला अरेतुरे कसं करू?” ‘झी’ म्हटलं तर तिला वाईट वाटणार, ‘डू’ म्हणवत नाही, मग त्यांनी एक पळवाट काढली : दोन्ही टाळणारी वाक्यं. ‘खिडकी बंद करता येईल का?’ ‘हे कुठे ठेवायचं असतं?’ आपणही असंच करतो. समोरच्याला तू म्हणावं की तुम्ही हे ठरत नसलं की ‘कधी येणं झालं?’ म्हणून सुटका करून घेतो. दोन मिनिटांच्या गाठीभेटीत हे खपून जातं. आठ तासांच्या ड्युटीत रोज खपत नाही. त्या ज्येष्ठ बाईंना वाटलं, ही अंतर ठेवून वागते आहे. आणि हळूहळू त्यांनी हाक मारणं कमी केलं.

शब्दांचंही होतं, पण माझ्या मते ते सर्वांत कमी महत्त्वाचं. ‘आबफ्युरेन’ हे क्रियापद मी त्यांना ‘पोलिसांनी पकडून नेणं’ या अर्थानं शिकवलं होतं. वॉर्डात त्याचा अर्थ ‘शौचाला होणं’. ‘लागर्न’ म्हणजे मालाची साठवण, असं वहीत निळ्या शाईत लिहिलेलं. वॉर्डात ते झोपून असलेल्या रुग्णाची कूस बदलण्यासाठी वापरतात. असे शब्द दोन महिन्यांत अंगवळणी पडतात. तोंड बंद असलं तर मात्र पडत नाहीत, कारण ते विचारावे लागतात.

माझं पहिलं निदान, आणि ते का चुकलं

मला वाटलं, परीक्षा झाली आणि प्रेरणा संपली. हे निदान हवेतून आलेलं नव्हतं. दुसरी भाषा शिकण्यातल्या प्रेरणेचा अभ्यास ज्यांच्यापासून सुरू झाला असं मानतात, त्या गार्डनर आणि लॅम्बर्ट यांनी 1959 मध्ये मॉन्ट्रियलमधल्या, फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांवरचं काम प्रसिद्ध केलं. उपजत भाषिक क्षमतेइतकंच त्या भाषकांविषयीच्या ओढीला महत्त्व आहे, असा त्याचा रोख होता. त्यातून दोन शब्द रूढ झाले : त्या समाजाशी जवळीक व्हावी म्हणून शिकणं, आणि नोकरी, परीक्षा अशा उपयोगासाठी शिकणं. पहिली प्रेरणा टिकाऊ, दुसरी उथळ, असं बरीच वर्षं शिक्षकांना सांगितलं गेलं. मलाही तेच शिकवलेलं. त्या चष्म्यातून पाहिलं तर चित्र सरळ होतं : उपयोगापुरती शिकलेली भाषा, उपयोग झाला, थांबली.

पण हा चष्मा तेव्हाच अपुरा ठरलेला होता. 1972 मध्ये यास्मीन लुकमानी यांनी मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या शाळकरी मुलींच्या इंग्रजीचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्यांसारखं व्हावं अशी त्या मुलींना ओढ नव्हती. स्वतःच्या समाजात राहून पुढे जायला इंग्रजी हवं होतं, आणि ही उपयोगाची प्रेरणा ज्यांची अधिक, त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. मराठीत शिकलेल्या बाईनं, मराठीत शिकलेल्या बाईविषयी विचार करताना हे विसरावं याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या चुकीच्या निदानावरून मी सल्लाही दिला. म्हणाले, “तीन आठवडे घरी मराठी पूर्ण बंद. फोन, मालिका, गाणी सगळं जर्मन.” त्यांनी नेहमीप्रमाणे तंतोतंत पाळलं. रोज रात्री बहिणीशी अर्धा तास बोलायच्या, तेही थांबवलं. तिसऱ्या आठवड्यात फोन आला तेव्हा त्या रडत होत्या. दिवसभर अडखळणारी, कमी कळणारी बाई म्हणून वावरायचं आणि ज्या अर्ध्या तासात त्या पूर्वीच्या, चटचट बोलणाऱ्या, सल्ला देणाऱ्या ताई असायच्या तोही मी काढून घेतला होता. नवी भाषा जुनीच्या सोबत उभी राहिली तर माणूस वाढतो. जुनीची जागा घेऊन आली तर तो आतून आकसतो. हा फरक लॅम्बर्ट यांनीच 1970च्या दशकात मांडलेला आहे. मला तो ठाऊक होता. फोन ठेवल्यावर आठवला.

नेमकं काय बिघडलं होतं

मग मी एक साधी गोष्ट केली, जी आधी करायला हवी होती. सल्ले बंद केले आणि त्यांना दोन आठवडे रोज रात्री मराठीतून पाच ओळी लिहायला सांगितल्या : आज कुठे बोलावंसं वाटलं आणि बोलले नाही.

त्या ओळींत वारंवार एकच गोष्ट येत होती आणि ती भाषेची नव्हती. ‘आज पुन्हा चार पेशंटना आंघोळ घातली.’ ‘मी अकरा वर्षं सिस्टर आहे हे यांना माहीत आहे का?’ ‘सलाइन लावायला मला कुणी बोलावत नाही.’ आधीच्या नोकरीत रुग्णाचं अंग पुसणं हे नातेवाइकांचं किंवा आयांचं काम होतं; शीर शोधणं, सलाइन लावणं हे यांचं. जर्मनीत ते जवळजवळ उलटं आहे. शिरेत सुई घालणं बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. आणि अंग पुसणं, तोंड धुणं, भरवणं, कूस बदलणं, ज्याला ‘ग्रुंडफ्लेगे’ म्हणतात, ते प्रशिक्षित परिचारिकाही करतात. त्वचा, श्वास, मनःस्थिती हे सगळं त्या वेळी पाहायचं असतं, म्हणून ते महत्त्वाचं मानतात. हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच अर्थ लावला होता : माझी भाषा कच्ची म्हणून मला हलकं काम दिलंय. म्हणून त्या ते काम खाली मान घालून, एक शब्द न बोलता उरकायच्या.

हे वाचल्यावर मला बॉनी नॉर्टन यांचं काम पुन्हा काढावंसं वाटलं. कॅनडात आलेल्या पाच स्थलांतरित स्त्रियांच्या रोजनिशींवरून त्यांनी 1990च्या दशकात दाखवलं की शिकण्याची जबर इच्छा असलेल्या स्त्रियाही काही माणसांसमोर गप्प होतात. बोलण्याचा हक्क आपल्याला आहे असं त्या ठिकाणी वाटतं की नाही, यावर ते ठरतं. त्याआधी 1978 मध्ये शूमन यांनी अमेरिकेतल्या एका कोस्टा रिकन माणसाचं प्रकरण मांडलं होतं. त्याचं इंग्रजी महिनोन्महिने जागचं हललं नाही, आणि कारण दिलं गेलं ते त्याच्या आणि त्या समाजातल्या अंतराचं. ते अंतर कुणी आखलं, हा प्रश्न तिथे फारसा विचारलाच गेला नाही. वॉर्ड प्रमुखांनी ‘रस दिसत नाही’ लिहिलं तेव्हाही तो विचारला गेला नव्हता. आणि मी मराठी बंद करायला सांगितलं तेव्हाही नाही.

समोरचे पर्याय

पहिला, परत येणं. करार मोडण्याचे परिणाम होतेच. पण मुलाला घेऊन जायचं ठरवून निघालेली आई रिकाम्या हातानं परतणार, हे त्यांना अधिक जड होतं. हा पर्याय त्यांनी स्वतःच तीन महिने पुढे ढकलला. तो रद्द केला नाही, पुढे ढकलला. हे महत्त्वाचं वाटतं, कारण दार उघडं आहे हे कळल्यावर त्यांचा श्वास मोकळा झाला.

दुसरा, सी-वनचा, म्हणजे बी-टूच्या पुढच्या पायरीचा, संध्याकाळचा वर्ग. रुग्णालय खर्च करायला तयार होतं. त्यांचा कल इकडेच होता, कारण वर्ग, वही, परीक्षा हे ओळखीचं मैदान. मी विरोध केला. वर्गात त्या पुन्हा उत्तम गुण मिळवतील आणि वॉर्डात पुन्हा गप्प राहतील, असं मला स्पष्ट दिसत होतं.

तिसरा, काहीच न करणं, होईल सवय. बऱ्याच जणींचं तसं होतंही. पण चहाच्या प्रसंगानंतर वाट पाहणं मला धोक्याचं वाटलं.

चौथा, वॉर्डाशी बोलणं आणि बोलण्याच्या जागा बदलणं. याची भीती त्यांना सर्वांत जास्त होती. “तक्रार केली असं होईल.” त्यांची संमती मिळायला दोन आठवडे गेले. ते दोन आठवडे मी घाई केली नाही, आणि या प्रकरणात मी बरोबर केलेली ती पहिली गोष्ट असावी. शेवटी ठरलं ते असं : पत्र त्या स्वतः लिहितील, मी फक्त वाचीन. पत्रात तक्रार नाही, एक विनंती आणि एक माहिती. विनंती, हँडओव्हरमध्ये ऐकलेलं परत म्हणून दाखवायची मुभा. माहिती, आधीच्या नोकरीत आपण काय काय करत होतो.

काय केलं

ऐकलेलं परत म्हणून दाखवण्याची कल्पना माझी नव्हती, ती त्यांच्याच बोलण्यातून निघाली. मी विचारलं होतं, “रात्री डॉक्टरांनी फोनवरून औषध सांगितलं तर तुम्ही काय करायचात?” त्या लगेच म्हणाल्या, “लिहून घ्यायचं आणि वाचून दाखवायचं. न वाचता दिलं तर मीच ज्युनिअरला ओरडायचे.”

इथे प्रकरण वळलं. सहा जणींसमोर शंका विचारणं त्यांच्या लेखी अज्ञानाची कबुली होती, थोडा उद्धटपणाही. पण सूचना परत म्हणून दाखवणं हे कर्तव्य होतं, इन्चार्जला शोभणारं. दोन्हीत तोंडातून निघणारे शब्द जवळपास तेच. नाव बदललं आणि तोंड उघडलं. आम्ही एकच वाक्य घोटलं : ‘इश वीडरहोले कुर्त्स’, मी थोडक्यात परत सांगते. पहिल्या दिवशी त्यांनी ते म्हटलं तेव्हा आवाज इतका बारीक होता की कुणी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी एकीनं थांबून ऐकलं आणि एक चूक दुरुस्त केली. तिसऱ्या आठवड्यात, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, इतर दोघीजणीही तसं करू लागल्या.

दुसरी गोष्ट सकाळच्या ग्रुंडफ्लेगेची. मी त्यांना सांगितलं की ते हलकं काम नाही आणि ते कसं, हे त्यांच्या मान्यतेच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकातच वाचायला लावलं. माझ्या शब्दापेक्षा छापील शब्दावर त्यांचा विश्वास बसला. मग पाहिलं की दिवसभरात सलग वीस मिनिटं एका माणसासोबत, दार बंद, घाई नाही, वरिष्ठ कुणी नाहीत, अशी हीच एक वेळ आहे. प्रत्येक कृती रुग्णाला आधी सांगायची, ही तिथली शिकवलेली पद्धत. त्यांनी बारा वाक्यं तयार केली. ‘येट्स्ट वाशे इश डेन र्‍यूकन’, आता मी पाठ पुसते. ‘येट्स्ट’, म्हणजे ‘आता’, वाक्यात पहिला आला की क्रियापद दुसऱ्या जागी आणि कर्ता त्याच्या मागे, हा नियम वर्गात त्यांनी शंभरदा बरोबर लिहिला होता आणि बोलताना दर वेळी चुकवला होता. पाठ, हात, पाय, कूस करत रोज चार रुग्णांना सांगता सांगता तो दीड महिन्यात तोंडात बसला. आणि रुग्ण उत्तर देऊ लागले. पाणी गार आहे, इथे दुखतं, मुलगी काल आली नाही. त्या रात्रीच्या पाच ओळींत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचं तरी दुःख आलं तेव्हा मला बरं वाटलं.

तिसरी गोष्ट फसली. वॉर्डनं एक मार्गदर्शक परिचारिका नेमून दिली, ती तीन आठवड्यांत दुसऱ्या विभागात गेली. बदली कुणी आली नाही. कागदावर आमच्या योजनेचा हाच कणा होता.

‘डू’चा प्रश्न मी समजावून सुटला नाही. मी तासभर समजावलं, की इथे ‘डू’ म्हणजे अनादर नाही. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी ‘खिडकी बंद करता येईल का’ चालूच. शेवटी मी म्हटलं, “मराठीत आईला काय म्हणता?” “अगं आई.” “म्हणजे अगं-तुगंच की. मग आईच्या वयाच्या बाईला का नाही?” त्या बराच वेळ गप्प होत्या. आपल्याकडे सर्वांत जवळच्याला आणि सर्वांत खालच्याला एकच ‘तू’ आहे. त्यांच्या मनात नेहमी दुसराच यायचा. चार दिवसांनी रात्रपाळीत त्यांनी त्या ज्येष्ठ बाईंना ‘डू’ म्हटलं. त्या बाईंच्या ते लक्षातही आलं नाही असं त्यांना वाटलं, आणि त्याचंच त्यांना नवल वाटलं.

पत्रातल्या माहितीचा परिणाम उशिरा झाला. दोन महिन्यांनी जखमेच्या ड्रेसिंगवरून शिकाऊ मुलींना काही दाखवायचं होतं, तेव्हा वॉर्ड प्रमुखांना पत्र आठवलं. प्रेरणेच्या अभ्यासात डॉर्नेई यांनी 2005 मध्ये मांडलेली एक कल्पना आहे : त्या भाषेत बोलणारी, आपल्याला व्हावीशी वाटणारी ‘मी’. यांच्याकडे व्हायलाच हवी अशी ‘मी’ होती, बी-टू पास झालेली, मुलाला आणणारी. जर्मनमध्ये बोलणारी इन्चार्ज त्यांना कधी दिसलीच नव्हती. त्या दिवशी दोन शिकाऊ मुली वही उघडून समोर उभ्या होत्या. व्याकरणाच्या चुका झाल्या, मुलींनी काही मध्येच दुरुस्त केल्या. आणि त्यांना लाज वाटली नाही, कारण ड्रेसिंगमधलं त्यांना येत होतं, मुलींना नाही.

निष्पत्ती

जर्मनीत गेल्यापासून चौदाव्या महिन्यात पदविकेला मान्यता मिळाली. परीक्षेऐवजी प्रशिक्षणाचा मार्ग त्यांनी निवडला होता, माझ्या सल्ल्याविरुद्ध. परीक्षेनं लवकर झालं असतं असं माझं म्हणणं होतं. त्यांचं म्हणणं, मला आता परीक्षा नको, माणसं हवीत. त्यांचं बरोबर होतं.

सगळं सुटलं नाही. फोन अजून जड जातो, कारण समोर चेहरा नसतो. विश्रांतीच्या खोलीत सगळ्या एकदम बोलू लागल्या, त्यातून बोलीभाषेत, की त्या मागे पडतात. विनोद कळतो तेव्हा इतरांचं हसून झालेलं असतं. सी-वनचा वर्ग आता सुरू केला आहे, स्वतःच्या इच्छेनं.

पुन्हा वेळ आली तर

शेवटचे सहा आठवडे मी लेखीला देणार नाही. वर्गात गप्प बसणाऱ्याला ‘स्वभाव’ म्हणून सोडणार नाही, पण उभं करून बोलायलाही लावणार नाही; त्यानं तो आणखी मिटेल. आधी विचारीन की तुमच्या कामात न विचारणं कधी चूक मानतात. प्रत्येकाच्या कामात अशी एक जागा असते. सध्याच्या तुकडीत एक जण वीजजोडणीचं काम करतो. तारेला हात लावण्याआधी प्रवाह बंद आहे का हे तीनदा विचारणं त्याच्याकडे सक्तीचं आहे. त्याचं जर्मन तिथून सुरू केलं आहे.

वॉर्डाशी संपर्क त्या निघण्यापूर्वीच व्हायला हवा होता. ग्रुंडफ्लेगे काय मानतात, हँडओव्हरमध्ये काय अपेक्षा असते, ‘डू’ कोण कुणाला देतं, हे दोन तासांत सांगता आलं असतं. आणि दुसऱ्या बाजूलाही, की मान डोलावणं म्हणजे कळलं असं धरू नका. एकाच बाजूला जुळवून घ्यायला लावणं मला आता अन्यायाचं वाटतं.

मराठी बंद करायला मी कुणालाच सांगत नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा तिकडे पोहोचला. चार आठवड्यांतच तो आईकडून जर्मन नामाचं लिंग चुकलं की पाहुण्यांसमोर दुरुस्त करतो. “मॅडम, लेकरानं आईची चूक काढायची आणि आईनं ऐकून घ्यायचं, हे मला अजून जमत नाही,” त्या म्हणाल्या. आणि मग विचारलं, घरात त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलू? मराठीतच, मी म्हटलं. ड्रेसिंगच्या वेळी शिकाऊ मुलींचं ऐकून घेतलं होतंत, ते आठवतं का, हेही विचारलं. त्या म्हणाल्या, आठवतं. पण तो माझा मुलगा आहे. यावर मला लगेच काही सुचलं नाही. पुढच्या रविवारी बोलायचं ठरलं आहे.